बिनजरीची चौथी डबी

बाबालाल,

परवा सोनारांच्या गुजरीतून मोटार घेऊन गेलो. तुझ्या पायरीवर एक म्हातारी लिंबं विकायला बसली होती. रेशीम ओढून धरायला तू जिथं पायाचा अंगठा टेकवायचास, बरोबर तिथं तिची टोपली. मला राग यायला हवा होता. आला नाही. लिंबं चांगली रसाची होती, दोन घेतली आणि पुढं गेलो. हल्ली असंच चाललंय. घरी बायको म्हणते, एकदा मोठ्यानं रडून घ्या, मोकळं वाटेल. मी म्हणतो, बघतो. जसं काही रडणं म्हणजे गिरणीतून पीठ दळून आणणं.

मानमोडीच्या तापानं या गावातली इतकी माणसं नेली की तुझ्यासाठी वेगळं काही वाटून घ्यायला जागाच राहिली नाही. आज अंगात कणकण, उद्या खोकला, आणि मग गल्लीतून कोणीतरी धावत निघालेलं. कोणाच्या दाराशी थांबायचं आणि कोणाच्या नाही, हेही लोकांना कळेनासं झालं होतं. मलाही कळत नव्हतं. म्हणून आता सावकाश बसून तुझ्याशी बोलतोय. ऐकतोस तर ऐक, नाहीतर नेहमीसारखं पान लाव आणि दुसरीकडं बघ.

लोक मला विचारायचे, मोटारवाल्याचं आणि पटवेगाराचं एवढं काय जमतं? तसा आपला काही मेळ नव्हताच. मी कुरुंदवाडचा जैन, इथं मामाकडं वाढलो, इनामदारांच्या पागेत घोडे चोळता चोळता त्यांची मोटार हाकायला शिकलो. तू गुजरीतला पटवेगार. सोनार साज घडवणार, ठुशी घडवणार, आणि ते मणी रेशमात गाठवून बायकांच्या गळ्यात जातील असं करणार ते तुमचं घर. आपलं जमलं ते गोट्या खेळण्याच्या वयात, आणि तेही भांडणावरून. तू म्हणालास माझी गोटी रेषेवर पडली, मी म्हणालो रेषेच्या आत. ते भांडण मिटलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत भेटलो. पुढंही मैत्रीचं कारण तेच राहिलं. ताबुताच्या दिवसांत तुझ्याबरोबर फिरताना आणि माझ्या लग्नात तू पंगतीत बसलास तेव्हासुद्धा आपण कशावरून तरी हमरीतुमरीवर आलेलो होतो. माझी आई, आमची अव्वा, म्हणायची, ह्या दोघांना देवानं एकच जीभ द्यायला हवी होती, आळीपाळीनं वापरली असती.

पण खरं भांडण या पावसाळ्यातलं. त्या चौथ्या डबीवरचं.

ही मोटार इनामदारांच्या थोरल्या साहेबांनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्याकडून घेतलेली. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं आणि हाकणाऱ्याच्या समोर फळीवर बसवलेली एक सुबक लाकडी पेटी. पेटीत चार डब्या, चार सिलिंडरना चार. प्रत्येक डबीत लोखंडी तारांची जुडी, तिच्याभोवती आधी जाड आणि मग केसासारखी बारीक, रेशमात मढवलेली तांब्याची तार. वर एक पोलादी पट्टी. बॅटरी जोडली की पट्टी थरथरते, डबी भुंग्यासारखी गुणगुणते आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. मोटारीचा जीव तो एवढाच, बाकी सगळा लोहारकीचा पसारा. थोरल्या साहेबांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवलं आणि ती पेटी गुणगुणली, तेव्हा मी घाबरून खाली उडी मारली होती. साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, ये, बस, चावत नाही. मी बसलो तो आजपर्यंत बसलोच आहे.

साहेब गेले आणि मोटार पागेत पडून राहिली. कोंबड्यांनी गादीवर अंडी घातली. नव्या राजवाड्यावर महाराजांकडं नव्या नव्या मोटारी आल्या, रस्त्यानं फुर्रकन जायच्या, आणि आमची ही मात्र गवताच्या भाऱ्याखाली. यंदा उन्हाळ्यात धाकट्या इनामदारांच्या मनात आलं, दसऱ्याला वडील जायचे तसं याच मोटारीतून सोनं लुटायला जायचं. मी सगळं उघडलं, पुसलं, वाळवलं. तीन डब्या बोलल्या. चौथी गळक्या कौलाखाली होती, तिच्यातलं वरच्या थरांचं रेशीम कुजून भुगा झालं होतं. मुंबईला लिहावं तर लढाई चाललेली, तिकडून तारेचा तुकडा येईना. तेवढ्यात इनामदारांच्या ओळखीचा पुण्याचा एक कारखानदार येऊन बघून गेला. म्हणाला, ही पेटीच काढून फेका, माझ्याकडं मॅग्नेटो आहे, बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र, तो बसवू, फक्त पुढचा भाग थोडा कापावा लागेल. इनामदार मला म्हणाले, "आप्पा, दसऱ्यापर्यंत बघ. नाही झालं तर कापू."

ते कापणं मला सोसवणार नव्हतं. ती पेटी गेली की मोटार दुसऱ्याच कोणाची तरी होणार आणि मी तिच्यावर पगारी बसलेला माणूस होणार, असं मला वाटत होतं. तू विचारलंस तेव्हा हे सांगता आलं नाही. आज सांगतो.

डबी धोतराच्या सोग्यात गुंडाळून मी तुझ्या पायरीवर आलो, ते आठवतं ना?

"काय आणलंस रं? कुणाची ठुशी?"

"ठुशी न्हाय. तार हाय. रेशीम कुजलंय, नवं चढवून पाहिजे."

तू तारेचं टोक नखावर घेतलंस, डोळ्यापाशी नेलंस, लांब धरलंस, परत जवळ घेतलंस. "आरं, ही तार हाय का केस? ह्याच्यावर रेशीम चढवायचं म्हंजे डोळं फुटायची पाळी."

"जमतंय का न्हाय ते बोल."

"उद्या सांगतो," तू म्हणालास आणि डबी घरी घेऊन गेलास.

दुसऱ्या दिवशी आलास तो आवाज चढवूनच. "जमतंय. पर तार हीच ऱ्हाणार. तुटली तर जोडायची, टाकायची न्हाय. आणि थर मोजून उतरवायचं, जसं हुतं तसंच चढवायचं."

मी तुला डिवचलं. रेशीम तुझं, मेण तुझं, थराथरामध्ये घालायचा कागद पतंगाचा, मग हिच्यात मूळचं राहणार काय? तू पान चघळलंस आणि म्हणालास, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी भर गुजरीत, सोनारांच्या देखत मला ऐकवलंस, "तुझ्या अव्वाचा साज कितींदा गाठवला असंल? सून आली, गाठवला. नातीचं लगीन निघालं, गाठवला. रेशीम दर खेपेला नवं. पर साज कुणाचा म्हणत्यात? अव्वाचाच की! तसं हे तांबं. सोन्यागत धर आणि गप बस."

मी गप बसलो. त्या दिवशी तू जिंकलास, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

मग पावसाळाभर तेच. तू पायरीवर बसून रेशमाचे पदर वेगळे करायचास, पीळ द्यायचास, मेण लावायचास. तार गुंडाळायचं काम मात्र घरी. रस्त्यावर धूळ असते म्हणायचास. मी येऊन चुका काढायचो. इथं मेण जास्त झालंय, डबी तापली की वितळेल. वरच्या थराला तार फार ओढून घेतलीय, तुटेल. तू कधी जागच्या जागी उत्तर दिलं नाहीस. ऐकून घ्यायचास, मान हलवायचास आणि "उद्या सांगतो." मी म्हणायचो, "अक्कल काय घरात खुंटीला टांगून येतोस काय रं?" त्यावर तू असा खुशीत हसायचास, की मी तुझी आरतीच केलीय. मला ते हसणं चमत्कारिक वाटायचं. पण मित्राचं सगळंच कळलं पाहिजे असं थोडंच आहे.

डबी पहिल्यांदा तयार झाली, तेव्हा तू स्वतः पागेत आलास. बॅटरी जोडली, पट्टी थरथरली, डबी गुणगुणायला लागली. तुझ्या तोंडावर लग्नघरातली कळा आली होती. मी हात लावू नको म्हणेपर्यंत तू बोट लावलंस. "या अल्ला, डसी रे!" म्हणून जो मागं उडालास, तो थेट गवताच्या भाऱ्यावर. घोडीसुद्धा वळून बघायला लागली. मी इतका हसलो, इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. बाबालाल, त्यानंतर मी तसा हसलेलो नाही.

पण सिलिंडरमध्ये ठिणगी पडेना. दार लोटून अंधार केला आणि बघितलं, तर डबीच्या गळ्यापाशी निळी ठिणगी सरपटत होती. तिथं, शेवटच्या गाठीत, एक धागा जरीचा होता.

तुमच्या घरची ही रीत मला माहीत होती. सगळ्या गुजरीला माहीत आहे. शेवटच्या गाठीत जरीचा धागा गेला की काम पुरं. बिनजरीचं काम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. आणि ही जर, म्हणजे जरीचा धागा, पडत नाही तोवर ती वस्तू पटवेगाराच्या घरची, मग सोनं कोणाचंही असो. सावकार असो, सरदार असो, जर पडेपर्यंत कोणी हात पुढं करत नाही. पण ही रीत एखाद्यानं मोटारीच्या डबीलाही लावावी, हे फक्त तुमच्याच घरी होऊ शकतं.

"काढ ती जर," मी म्हणालो.

"जर काढली तर काम अर्धं."

"आरं, ठिणगी हितनं पळतीया! जर म्हंजे रेशीम न्हवं, धातूची तार हाय ती."

"जर काय असती ते तू मला शिकवणार? पटवेगाराला?"

"शिकवतो की! बापजाद्यानं शिकवलं न्हाय तर मी शिकवतो."

"बापाचं नाव काढू नकोस, आप्पा."

"बापाचं न्हाय, जरीचं काढतोय!"

तू नेहमीप्रमाणं म्हणालास, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आल्यासारखा पागेच्या दारात उभा राहिलास. "जर ऱ्हाणार. तुझ्या ठिणगीला दुसरी वाट दाव. आणि मेणाचं म्हणालतास ते खरं हाय, वरचं दोन-चार थर परत करायचं. डबी दे." मी म्हणालो, पालथ्या घड्यावर पाणी, आणि डबी तुझ्या हातात जवळजवळ आदळली. तू ती फडक्यात गुंडाळलीस. दारातून वळलास.

"आप्पा, तुला एक सांगायचं हाय. मोटार चालू झाली की सांगतो."

"आत्ता सांग की."

"आत्ता तू तापलाईस."

आणि गेलास. ताप कोणाला चढायचा होता, ते नंतर कळलं.

तुझ्या जाण्याची बातमी मला गुजरीतल्या सोनारानं सांगितली, दुकानाची फळी लावता लावता. तुला न्यायला माणसं थोडीच होती. जी उभी राहू शकत होती तेवढीच. मीही खांदा दिला, मूठमाती दिली. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला होता, आणि कबरस्तानात सगळा वेळ मी एवढाच विचार करत होतो, की चांभार बसला असेल का. तुझ्याबद्दल काही मनात आलंच नाही. जे लोक नदीवर नाहीतर कबरस्तानात छाती पिटून रडतात, त्यांचा मला हेवा वाटतो. मी घरी आलो, अंघोळ केली, भाकरी खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी पागेत गेलो आणि उरलेल्या तीन डब्या पुसत बसलो. पुसायला काही नव्हतं. तरी पुसत बसलो.

दसरा आला आणि गेला. इनामदार घरच्यांना घेऊन गारगोटीकडं आपल्या गावी जाऊन राहिले होते, सोनं लुटायला जायचं कोणाला सुचतंय. दिवाळीतही फार कोणी दिवे लावले नाहीत. मग लढाई संपल्याची बातमी आली. पाठोपाठ इनामदारांचा निरोप आला. येतोय, पुण्याच्या माणसाला घेऊन येतोय, आता माल यायला लागेल, एकदाचं ते काम उरकून टाकू. उरकणं म्हणजे कापणं. मला वाटलं, निदान पेटी तरी पुरती असू दे. चौथ्या खणात मुकी का होईना, डबी असू दे. म्हणजे पेटी बाहेर काढतील तेव्हा ती भिकाऱ्याच्या तोंडासारखी बोळकी दिसणार नाही. म्हणून तुझ्या घरी गेलो.

भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिन्यांत. त्यांना घराबाहेर येणं नाही, परक्या पुरुषासमोर बसणं नाही. तुझी बहीण आली होती, तिनं मला पुढच्या खोलीत बसवलं आणि पाणी दिलं. आतल्या दाराला पडदा. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत किती वेळा जेवलो असेन, पण भाभींचा आवाज मी "अजून वाढू का" याच्या पलीकडं ऐकलेला नव्हता.

मी म्हणालो, "भाभी, ती डबी न्यायला आलतो."

मग पडद्याआडून, "नेऊ नका. दोन थर ऱ्हायल्यात."

मला वाटलं, दुःखानं बाईचं भान सुटलंय. हळूच म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. अर्धी तर अर्धी. नुसती जाग्यावर बसवतो."

"अर्धं काम ह्या घरातनं भाईर जात न्हाय."

"खरं हाय भाभी. पर आता करणार कोण?"

"आजपतूर कोण करत हुतं?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. त्या सांगत होत्या, अगदी हिशेबी आवाजात. "मागल्या खेपेला मेण जास्त झालतं, तुमीच म्हणालता. वरचा थर वढून घेतलाय, तेबी तुमीच म्हणालता. ह्या बारीला हात सैल ठेवलाय. कागद बी दुहेरी घातलाय. आनि अक्कल खुंटीला टांगलीया म्हणालता, तेबी मला येऊन सांगितलं त्यांनी. लई हसलो आमी दोघं."

बाबालाल! ते सगळं मी तुला बोललो होतो, पायरीवर आणि पागेत. प्रत्येक शब्द तू घरी नेलास, आणि दुसऱ्या दिवशी आणलेलं प्रत्येक उत्तर घरातून आलेलं होतं. अव्वाचा साज, तांबं सोन्यागत धर, सगळं. पावसाळाभर मी ज्या माणसाशी भांडत होतो, तो माणूस तू नव्हतासच. तू निरोप्या होतास! तुझ्या डोळ्यांना बारीक दिसायचं कधीच बंद झालं होतं, भाभी म्हणाल्या. जाड गाठी तू मारायचास, पीळ द्यायचास, गिऱ्हाईक सांभाळायचास, आणि नाजूक ते सगळं घरात व्हायचं. गिऱ्हाइकाला कळलं तर पटवेगार आंधळा झाला म्हणून काम तुटेल, म्हणून कोणाला बोलायचं नाही.

"मलाबी न्हाय?" मी विचारलं.

"तुमाला सांगणारच हुते. मोटार चालू झाली की."

या सगळ्या दिवसांत मला तेवढा एकदाच राग आला. तुझ्यावर. मेलेल्या माणसावर असा राग येतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी तुझ्या बोटांची तारीफ साऱ्या गुजरीभर करत फिरलो आणि तू पान खात ती ऐकून घेतलीस. तार नखावर घेऊन जवळ-लांब करत होतास, तेव्हा मी तुला नाटकी म्हणालो होतो, तेही ऐकून घेतलंस. एकदा सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी हसलो असतो? हो, हसलो असतो कदाचित. पण मग तुला घरी सोडायला आलो असतो रोज. दिवेलागणीला त्या चिखलाच्या गल्लीतून तू एकटा कसा जात होतास, हाच विचार मी अजून करतोय.

मग भांडण पुरं करायची पाळी माझी होती. म्हणालो, "भाभी, जरीचं मात्र माझंच खरं हाय."

"दावा," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत त्यांनी उरलेले थर चढवून जरीची गाठ मारली, आणि मी बॅटरी घेऊन गेलो. तुझ्या बहिणीनं खिडकी लावली. डबी मी उंबऱ्याजवळ ठेवली, पडदा बोटभर बाजूला झाला. मी जोडणी केली. डबी गुणगुणली, आणि जरीच्या धाग्यावरून निळी ठिणगी सरकन् पळाली. भाभींनी आपलंच काम असं जिवंत झालेलं कधी पाहिलं नव्हतं. तू त्यांना पायरीवरचं सगळं सांगायचास, पण ठिणगी काही फडक्यात बांधून घरी नेता येत नाही.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. सवयीनं मला वाटलं की आता "उद्या सांगतो" येणार. पण त्या लगेच बोलल्या. "जर काढते. घालायची न्हाय. म्हंजे काम पुरं झालं न्हाय, आप्पा. डबी तुमच्या मोटारीत बसंल, वाजंल, पर ती ह्या घरची. इनामदारांस्नी तसं सांगून ठेवा."

इनामदार आले. पुण्याचा माणूस आला, आल्या आल्या फळीवर खडूनं रेघा मारायला लागला. मी फक्त मोटार चालू केली. चारही सिलिंडरवर ती उभ्या जागी अशी चालली, की पुढच्या पत्र्यावर ठेवलेल्या भांड्यातलं पाणी थरथरेना. पुण्याचा माणूस म्हणाला, हाताचं काम आहे, किती दिवस टिकणार, आता माल मिळतोय तर काढूनच टाकू. कधी हातात तार न धरलेला माणूस उंटावरून शेळ्या हाकत होता. मी इनामदारांना म्हणालो, "सरकार, ती डबी काढता येत नाही. पटवेगारांच्या घरची आहे. जर पडायची राहिलीय."

पुण्याच्या माणसाला काही कळलं नाही. इनामदार मात्र थबकले. त्यांच्या आईसाहेबांचे दागिने तुझ्याच घरी गाठवले जातात. जर पडायची राहिली म्हणून त्यांची ठुशी एकदा लग्न तोंडावर आलं तरी हलली नव्हती, आणि आईसाहेबांनी ब्र काढला नव्हता. इनामदार हसले नाहीत. एवढंच विचारलं, "जर कधी पडणार?"

"ते काही सांगता येत नाही, सरकार."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि पुण्याच्या माणसाला चहाला घेऊन गेले.

पेटी राहिली, बाबालाल. खडूच्या रेघा मी ओल्या फडक्यानं पुसल्या. मला आनंद व्हायला हवा होता, निदान तुला कळवावंसं वाटायला हवं होतं. मी नुसता उभा होतो. मग वाटलं, तुला नाही तर नाही, कळवायला अजून एक घर आहे.

तर परवा, लिंबं घेतली त्याच दिवशी, मोटार तुझ्या गल्लीत घातली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंची माणसं भिंतीला चिकटली, कोंबड्या ओरडल्या. तुझ्या दाराशी थांबलो. इंजिन बंद केलं नाही. दार फळीएवढं उघडं होतं आणि आत, अंधारात, भाभी उभ्या होत्या. त्यांचं नाव मला आता माहीत आहे. ते इथं घेणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

"चालू हाय?" आतून आवाज आला.

"चालू हाय, भाभी."

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यात आपली कुठली?"

"चौथी."

"मला कळंना. समद्या एकच वाजत्यात."

चार आवाज एकात मिसळलेले, त्यातला एक बोट दाखवून वेगळा कसा काढायचा? मग मी पेटीचं झाकण उघडलं आणि चौथ्या डबीची पट्टी बोटानं दाबली. मोटार लंगडली, सगळं अंग हलायला लागलं. गल्लीतलं कोणीतरी म्हणालं, बिघडली. बोट काढलं, तशी ती परत सरळ चालायला लागली.

"ही," मी म्हणालो.

"परत दाबा."

मी परत दाबली, आणि या खेपेला धरून ठेवली. तीन वाजत होत्या. चौथ्याच्या जागी काही नव्हतं, आणि ते काही नसणं त्या खडखडाटातसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं. मग बोट उचललं.